तीन टक्क्यांचा हिशेब

शिरूर आणि दौंडकडच्या कोरडवाहू गावांना कर्ज नवे नाही. मे १८७५ मध्ये तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि तो वणवा शिरूरच्या बाजूलाही पसरला. लोकांना हवे होते कर्जरोखे आणि गहाणखते. हाती लागली ती त्यांनी जाळली. सरकारने चौकशी केली, १८७९ मध्ये कायदा केला. पण रोखा जळाला म्हणून कर्जाची गरज जळत नाही. पुढच्या पेरणीला पैसा कोण देणार, हा प्रश्न उरलाच.

या प्रश्नाचा काटेकोर हिशेब मांडणाऱ्यांत धनंजयराव गाडगीळ अग्रभागी होते. १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला जन्म, नागपुरात बालपण आणि केंब्रिजला उच्च शिक्षण. तेथील प्रबंधावर आधारलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे ते १९६६ पर्यंत संचालक होते. पुस्तकातल्या सिद्धांतापेक्षा दारोदार जाऊन केलेल्या नोंदीवर त्यांचा भरवसा अधिक. वाई तालुक्यातील शेतीचा खर्च असो वा पुणे शहरातील कुटुंबांची मिळकत आणि राहणीमान, त्यांच्या संस्थेने माणसांना विचारून मोजले.

संशोधकाचे मोठेपण हल्ली त्याचे लेखन इतरांनी किती वेळा उद्धृत केले यावर ठरवतात. धनंजयरावांना ही फूटपट्टी अपुरी पडते. रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी करवली, तिच्या गोरवाला समितीचे ते सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे पाहून १९५४ मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता अवघा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९. सावकारांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात. सहकार फसला, तरी सहकार यशस्वी व्हायलाच हवा, हा त्या अहवालाचा निष्कर्ष. त्याच शिफारशींतून १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याची जबाबदारी तिच्यावर आली.

हा माणूस केवळ अहवाल लिहून थांबला नाही. नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयरावच. पुढे पुणे जिल्ह्यातही सहकारी कारखाने उभे राहिले, दौंडला भीमा आणि शिरूरला घोडगंगा.

१९६७ मध्ये ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. १९६९ मध्ये त्यांच्या अभ्यासगटाने सुचवले की प्रत्येक जिल्ह्याची पतगरज पाहून बँकांनी तेथे नियोजनाने पसरावे. त्याच वर्षअखेर अग्रणी बँक योजना आली; पुणे जिल्हा बँक ऑफ महाराष्ट्रकडे गेला. आम्ही बँकेतली माणसे दरवर्षी जिल्हा पतआराखड्याचे तक्ते भरत असू. त्या रकान्यांमागे कोणाचे डोके आहे, हे आमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होते. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून परतताना रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.

२०१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबांच्या थकीत कर्जापैकी ६९.६ टक्के बँका, सहकारी संस्था यांसारख्या अधिकृत ठिकाणांचे निघाले. मोजण्याची पद्धत जुनी नाही, तरी तराजूचे पारडे फिरले हे उघड आहे. याचे सारे श्रेय एका माणसाला देता येणार नाही, आणि समाधान मानण्याजोगेही सारे नाही. व्यावसायिक सावकाराचा वाटा अजून वीस टक्क्यांवर आहे, आणि सर्वांत कमी जमीन असलेल्यांना तोच जवळचा वाटतो. धनंजयरावांचा हिशेब म्हणून अजून मिटलेला नाही. त्यांचे नाव पुतळ्यांवर नसेल, पण दोन एकरवाल्याला पेरणीआधी वेळेत कर्ज मिळते तेव्हा त्यांचेच संशोधन उद्धृत झालेले असते.