स्टॅनमोरचे लॉर्ड डाउडिंग आणि थ्री-नॉट-थ्री

थंडीचे दिवस आले की आपल्या मॉरिशसमध्ये हरणांच्या शिकारीच्या गोष्टी सुरू होतात. ही हरणे मूळची येथली नव्हेत; डच लोकांनी ती १६३९ साली जावा बेटातून आणली. मालकांनी बंदूक घेऊन बसावे आणि मळ्यावरच्या माणसांनी रान उठवावे, अशी जुन्या काळची रीत. शिकारीच्या गोष्टींबरोबर बंदुकांच्या आणि काडतुसांच्याही गोष्टी निघतात. आज आम्ही अशाच एका जुन्या काडतुसाची आणि त्याच्याशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या लॉर्ड डाउडिंग यांची हकीकत सांगणार आहोत.

हे काडतूस म्हणजे थ्री-नॉट-थ्री. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून हे नाव. इंग्रज सरकारने ते १८८८ साली स्वीकारले. तेव्हा त्यात सुमारे ७० ग्रेन काळी दारू ठासून भरीत. थोड्याच वर्षांत कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली. ती सुमारे ३० ग्रेनच पुरे होई. शेवयांसारख्या दिसणाऱ्या तिच्या काड्यांची जुडी पितळी नळीत उभी बसवीत. १९१० साली टोकदार गोळी आली, तिचे वजन १७४ ग्रेन. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातही ही काडतुसे बनत. मराठा पलटणीच्या जवानांनी दोन्ही महायुद्धांत हीच बंदूक खांद्यावर वाहिली. हिंदुस्थानात सामान्य माणसाला मात्र ती बाळगण्यास बंदी होती, कारण ते लष्कराचे काडतूस. म्हणून तेथील शिकाऱ्यांसाठी वेगळ्या मापाच्या बंदुका निघाल्या.

कॅनडात आणि आफ्रिकेत मात्र याच काडतुसाने पुष्कळांनी हरणे मारली. परदेशात हौशी शिकारी आजही रिकाम्या नळ्या जपून ठेवतात आणि घरी पुन्हा भरतात. हे काम धीराचे आहे. जुन्या लष्करी नळ्यांच्या बुडाशी दोन बारीक छिद्रे असतात, त्यामुळे उडालेली टोपी काढणे जिकिरीचे होते. नव्या नळ्यांना मध्ये एकच छिद्र, ते काम सोपे. लष्करी बंदुकीचे घर थोडे सैल असल्याने नळी प्रत्येक बारास ताणली जाते आणि शेवटी बुडाच्या वर चिरते. म्हणून जाणकार तिचा फक्त गळाच आवळून घेतात. दारू तराजूवर तोलून घालावी लागते, आणि प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवावा लागतो. हिशेबाची हीच सवय डाउडिंग यांच्या अंगी होती.

ह्यू डाउडिंग यांचा जन्म २४ एप्रिल १८८२ रोजी स्कॉटलंडमधील मॉफट गावी झाला. वडील शाळामास्तर, त्यांनी स्वतःची शाळा चालवली. मुलगा वूलिचच्या लष्करी विद्यालयात शिकून १९०० साली तोफखान्यात गेला. जिब्राल्टर, सिलोन, हाँगकाँग असे करीत तो हिंदुस्थानात डोंगरी तोफखान्यात पोचला. १९१३ साली विमान चालवण्याचा दाखला घेतला. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली सोमच्या लढाईत, थकलेल्या वैमानिकांना विश्रांती द्यावी म्हणून त्यांनी वरिष्ठांशी भांडण केले, आणि त्यांना तेथून मायदेशी पाठवण्यात आले. माणूस अबोल आणि ताठ. सहकारी त्यांना स्टफी म्हणत. लग्नानंतर थोड्याच काळात, १९२० साली, पत्नी वारली. मागे एक लहान मुलगा राहिला.

१९३० साली विमानदलाच्या संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांच्याच कारकिर्दीत रडारची पहिली चाचणी झाली, आणि त्याच काळात असे ठरले की नव्या लढाऊ विमानाला आठ मशीनगन असाव्यात. त्या मशीनगनसाठी काडतूस निवडले ते हेच थ्री-नॉट-थ्री. ब्राउनिंग ही अमेरिकन मशीनगन त्या मापाची करून घेतली. एक अडचण मात्र होती. नळी तापली की कॉर्डाइट आपोआप पेटे. म्हणून गोळीबार थांबला की काडतुसाचे घर मागून उघडे राहील, अशी योजना केली.

जुलै १९३६ मध्ये लढाऊ विमानांचे मुख्य ठाणे लंडनच्या वायव्येस स्टॅनमोर येथे, बेंटली प्रायरी नावाच्या जुन्या वाड्यात उघडले, आणि डाउडिंग त्याचे पहिले प्रमुख झाले. स्टॅनमोर हे नाव मॉरिशसला परके नाही. १८७१ ते १८७४ या काळात आपले गव्हर्नर असलेले सर आर्थर गॉर्डन यांनीच पुढे लॉर्ड स्टॅनमोर ही पदवी घेतली. त्यांच्याच वेळी प्लेव्हिट्झ यांनी आपल्या मजुरांचा अर्ज पुढे आणला. बेंटली प्रायरीत गॉर्डन यांच्या वडिलांचे काही काळ वास्तव्य होते.

या वाड्यात बसून डाउडिंग यांनी सर्व देशाच्या बातम्या एका टेबलावर आणल्या. किनाऱ्यावरील रडार शत्रूची विमाने पाही. बातमी स्टॅनमोरला येई, तपासली जाई, आणि नेमक्या ठाण्याला हुकूम जाई. उगाच आकाशात घिरट्या घालून पेट्रोल आणि माणसे दमवायची नाहीत, हा त्यांचा नेम. शिकारीही सावजाची वाट कळल्यावाचून बार काढीत नाही.

मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळत होता आणि आणखी विमाने मागत होता. देशाच्या रक्षणास ५२ तुकड्या लागतील असे आधी ठरले होते. उरल्या होत्या ३६. डाउडिंग यांनी १६ मे रोजी सरकारला पत्र लिहून स्पष्ट कळवले की यापुढे एकही तुकडी पाठवू नये, नाहीतर फ्रान्सबरोबर इंग्लंडही जाईल. मित्रराष्ट्र संकटात असताना नाही म्हणणे सोपे नव्हते. पण हिशेब त्यांच्या बाजूने होता.

मग १० जुलै ते ३१ ऑक्टोबर ही ब्रिटनची लढाई झाली. एका स्पिटफायरमध्ये आठ मशीनगन आणि प्रत्येकीस ३०० काडतुसे. घोडा दाबून धरला तर सुमारे पंधरा-सोळा सेकंदांत सारे संपे. आठही गोळ्यांचे झोत ४०० यार्डांवर एकत्र यावेत असा डाउडिंग यांचा नेम होता. अनुभवी वैमानिकांनी तो २५० यार्डांवर आणला, कारण जवळून मारलेली गोळीच कामाची. चिलखती बाँबफेकी विमानांपुढे हे जुने काडतूस हलके पडे, म्हणून पुढे तोफा बसवाव्या लागल्या. तरी त्या उन्हाळ्यात काम झाले ते याच काडतुसाने. सुमारे तीन हजार वैमानिक आणि विमान-सैनिक लढले, त्यांतले पाचशेहून अधिक परतले नाहीत. डाउडिंग यांचा स्वतःचा मुलगाही त्या आकाशात लढत होता.

जिंकूनही २५ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांना पदावरून दूर केले गेले. सरकारने १९४१ साली या लढाईवर पुस्तिका काढली, तिच्यात त्यांचे नाव नव्हते. १९४३ साली त्यांना बेंटली प्रायरीचे लॉर्ड ही पदवी मिळाली. शाळेत आम्ही हे युद्ध शिकवतो तेव्हा मुलांच्या तोंडी चर्चिलचे नाव येते, डाउडिंग यांचे येत नाही. म्हणून हा लेख.

नोकरी संपल्यावर ते परलोकाचा विचार करू लागले, थिऑसॉफीकडे वळले आणि शाकाहारी झाले. १९५१ साली त्यांनी म्युरियल यांच्याशी लग्न केले. त्यांचा पहिला नवरा विमानदलातून युद्धात परतला नव्हता. लॉर्डांच्या सभेत डाउडिंग उभे राहिले की मुक्या जनावरांची बाजू मांडीत. माणसे मांस खाणे लवकर सोडणार नाहीत हे ते जाणून होते. पण कापताना तरी वेदना नसाव्यात, आणि प्रयोगांसाठी जनावरांचे हाल करू नयेत, असा त्यांचा आग्रह असे. म्युरियल यांनी १९५९ साली ब्युटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था काढली. तिची भारतातील शाखा १९७४ साली पुण्यात सुरू झाली, काडतुसांच्या खडकीपासून फार दूर नव्हे.

लॉर्ड डाउडिंग १५ फेब्रुवारी १९७० रोजी वारले. त्यांच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीत आहेत. विमानदलाने बेंटली प्रायरी २००८ साली सोडली. तेथे २०१३ पासून संग्रहालय आहे. आज स्टॅनमोरमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक लंडनमध्ये राहतात. तिकडे जाणे झाले तर मुलांना हा वाडा जरूर दाखवावा. लाखो गोळ्या ज्यांच्या हुकमाने सुटल्या त्या माणसाने शेवटची वीस वर्षे जीव वाचवण्यात घालवली. त्यात आम्हांस विसंगती दिसत नाही. जो प्रत्येक गोळीचा आणि प्रत्येक पोराचा हिशेब ठेवतो, त्यालाच जिवाची किंमत कळते.