कागद देऊन गेलेला माणूस

यंदाच्या गॅदरिंगचा बॅकड्रॉप आठवतोय ना? गेरूच्या रंगाचं कापड आणि त्यावर पांढरी वारली माणसं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर एक गोल, झालं! ड्रॉईंगच्या शीट काढून हात बसलेलाच होता. सुट्टीत कुरकुंभला गेले तेव्हा आजीला फोटो दाखवला. तिने विचारलं, की डहाणूच्या जंगलातलं हे चित्र तुमच्या स्टेजपर्यंत आलं कसं? मला उत्तर देता येईना. इंग्लिश मीडियमच्या पुस्तकात हे कुठे होतं! मग शोधाशोध केली आणि एक नाव सापडलं, भास्कर कुलकर्णी.

कुलकर्णी मुंबईचे चित्रकार. १९६६-६७ साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. शेतं करपली, हाताला काम नाही. तेव्हा पुपुल जयकर यांनी अखिल भारतीय हस्तकला मंडळातर्फे त्यांना मधुबनीला पाठवलं. तिथल्या बायका लग्नात घराच्या भिंती चित्रांनी भरून टाकायच्या. तीच चित्रं कागदावर काढली तर विकता येतील आणि घरात चार पैसे येतील, एवढाच विचार. ऐकायला सोपं वाटतं. पण देवाधर्माची चित्रं परक्या माणसाला कागदावर काढून द्यायची, ही गोष्ट त्या बायकांना लगेच कशी पटणार? कुलकर्णी गावोगाव हिंडले. जगदंबा देवी, सीता देवी अशा काही जणींनी कागद हातात घेतला. पुढे जगदंबा देवींना १९७५ मध्ये आणि सीता देवींना १९८१ मध्ये पद्मश्री मिळाली.

१९७०च्या दशकात ते डहाणूकडच्या वारली पाड्यांवर पोचले. इथेही चित्रं लग्नातलीच. सवाशिणींनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहायचा. पण गंजाडला त्यांना एक पुरुष भेटला, जो लग्नकार्य नसतानाही चित्रं काढायचा. जिव्या सोमा म्हसे. पेरणी, मासेमारी, तारपा नाच, सगळं रोजचं जगणं त्याच्या चित्रात होतं. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसेंचं प्रदर्शन झालं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले.

चीनमध्येही १९५८ पासून हूशियन भागात शेतकरी आपल्या रोजच्या कामाची चित्रं काढू लागले. पण तिथे सरकारला हवा तो प्रचार चित्रात यायचा. कुलकर्णींनी कागद दिला, विषय मात्र काढणाऱ्यांचेच राहिले. मला हा फरक फार मोठा वाटतो.

यात नुकसान काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. देवचौक लग्नानंतर भिंतीवरच पुसट होत जायचा, कागदावरच्या चित्राला मात्र किंमत लागली. बायकांची कला होती, पण वारलीत नाव आधी पुरुषाचं झालं. आणि आता टी-शर्टपासून चहाच्या कपापर्यंत वारली कुणीही छापतं. पण त्या दुष्काळात चुली पेटल्या त्याचं काय? मी दोन्ही बाजूंनी विचार केला. तरी कुलकर्णी गेले नसते तर बरं झालं असतं, असं काही म्हणवत नाही.

१९८३ मध्ये कुलकर्णी गेले. ते स्वतः चित्रकार होते, पण आज त्यांचं नाव निघतं ते दुसऱ्यांच्या चित्रांमुळे.

परवा तो फोटो परत नीट बघितला. वारली चित्रात नाचणाऱ्यांच्या मधोमध तारपा वाजवणारा असतो, सगळे त्याच्याभोवती फिरतात. आम्ही तिथे कॉलेजचा लोगो टाकला होता. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मोठ्या अक्षरात, आम्हा अकरा जणांची नावं. वारली हा शब्द कुठेच नव्हता.

कापड अजून हॉस्टेलच्या स्टोअररूममध्ये आहे. परीक्षा झाली की ब्रश घेऊन जाणार आहे. कोण येतंय?