बिशप बार्तोलोमे दे लास कासास : कबुलीपासून भरपाईपर्यंत

प्रायश्चित्त संस्काराची शिकवण देताना ख्रिस्तसभा तीन गोष्टींवर भर देते : अंतःकरणापासून पश्चात्ताप, धर्मगुरूजवळ पापनिवेदन आणि झालेल्या हानीची भरपाई. पहिल्या दोन गोष्टी आपण लहानपणीच शिकतो. तिसरीचा मात्र आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. जक्कयाने प्रभू येशूला केवळ घरी जेवू घातले नाही, तर लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवली. हा तिसरा टप्पा किती अवघड असतो, हे ज्यांच्या जीवनातून स्पष्ट दिसते, त्या बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांचा परिचय आम्ही वाचकांना करून देत आहोत.

लास कासास यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल येथे झाला. कोलंबसच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत त्यांचे वडील सामील होते. १५०२ साली बार्तोलोमे स्वतः कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर पोहोचले. तेथे स्पॅनिश वसाहतवाल्यांना जमिनीबरोबर तेथील मूळ रहिवासीही वाटून दिले जात. या रहिवाशांचे रक्षण करावे, त्यांना ख्रिस्ती धर्माची शिकवण द्यावी आणि मोबदल्यात त्यांच्याकडून काम करून घ्यावे, अशी ती व्यवस्था होती. प्रत्यक्षात ती वेठबिगारी होती. खाणींत आणि शेतांत राबून माणसे मरत होती. लास कासास यांनाही असा वाटा मिळाला. गुरुदीक्षा घेतल्यावरही त्यांनी तो सोडला नाही.

१५११ सालच्या आगमनकाळात आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूंनी सांतो दोमिंगो येथे प्रवचनपीठावरून या अन्यायाचा उघड निषेध केला. त्या काळात एका डॉमिनिकन धर्मगुरूंनी, तुमच्या ताब्यात हे लोक असेपर्यंत मी तुम्हांला पापक्षमा देऊ शकत नाही, असे लास कासास यांना बजावले. लास कासास यांनी वाद घातला, पण मार्ग बदलला नाही. १५१३ साली ते क्युबाच्या मोहिमेत लष्कराबरोबर होते. काओनाओ या गावी सैनिकांनी निःशस्त्र लोकांची केलेली कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तरीसुद्धा त्यानंतर क्युबातही त्यांनी जमीन आणि माणसे स्वीकारली.

१५१४ साली पेंटेकोस्ट सणाच्या प्रवचनाची तयारी करीत असताना सिराक ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायावर त्यांची नजर थबकली. अन्यायाने मिळवलेल्या धनातून वाहिलेले अर्पण देवाला मान्य नाही आणि गरिबाची भाकरी हिरावणारा त्याचा खून करतो, असा त्या वचनांचा आशय आहे. वेदीवर अर्पण करणारे हात आपलेच आहेत, हे त्यांना उमगले. त्यांनी गव्हर्नर वेलाझकेझ यांच्याकडे जाऊन आपला वाटा परत केला आणि १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, प्रवचनातून हे सर्वांसमोर जाहीर केले.

परंतु येथे गोष्ट संपत नाही. त्यांनी सोडलेली माणसे स्वतंत्र झाली नाहीत. ती दुसऱ्या मालकाच्या हाती जातील आणि तेथे राबून मरतील अशी भीती त्यांना होती, आणि तसेच घडले. आपण हात धुऊन घेतल्याने पीडिताची सुटका होत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून पुढील आयुष्य त्यांनी या लोकांच्या न्यायासाठी वाहिले. १५२२ साली ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. १५४२ च्या नव्या कायद्यांमागे त्यांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा होता.

चिआपासचे बिशप या नात्याने त्यांनी आपल्या धर्मगुरूंसाठी कडक नियम घातले. ज्याने या लोकांच्या श्रमावर संपत्ती मिळवली, त्याने आधी नोटरीसमोर लेखी बांधिलकी द्यावी, गुलामांना मुक्त करावे, लुबाडलेले परत करावे आणि मगच त्याला पापक्षमा मिळावी. मरणशय्येवरील माणसालाही यातून सवलत नव्हती. वसाहतवाले खवळले. १५४७ साली बिशपांना स्पेनला परतावे लागले. एकेकाळी स्वतः पापक्षमेला मुकलेला हा धर्मगुरू कठोर का झाला, हे समजणे अवघड नाही. त्या नकारानेच त्यांच्या मनात पहिला काटा रुतला होता.

त्यांच्या जीवनातील आणखी एक काळी बाजू आम्हांस झाकून ठेवायची नाही. मूळ रहिवाशांचा भार हलका व्हावा म्हणून १५१६ साली त्यांनी गुलाम आणण्याची सूचना केली होती आणि पुढे आफ्रिकी गुलामांच्या आयातीचीही शिफारस केली. हा व्यापार त्यांनी सुरू केला नव्हता, पण त्याला त्यांच्या शब्दाचे बळ मिळाले. आफ्रिकेतील माणसे कशी पकडली जातात, हे उशिरा कळल्यावर त्यांना तीव्र पश्चात्ताप झाला. तो त्यांनी आपल्या ‘इंडीजचा इतिहास’ या ग्रंथात लिहून ठेवला. आपले अज्ञान आणि सद्हेतू देवाच्या न्यायासनापुढे पुरेसे ठरतील की नाही, याची खात्री त्यांना वाटत नव्हती. ही कबुली कोणी त्यांच्याकडून मागितली नव्हती. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. तो ग्रंथ १८७५ साली छापला गेला.

देवाची क्षमा मोफत आहे, हे आपल्या श्रद्धेचे सार आहे. पण क्षमा मिळाली म्हणून शेजाऱ्याचे नुकसान भरून निघत नाही. बळकावलेला जमिनीचा तुकडा, बुडवलेली मजुरी, कोणाची केलेली बदनामी, या गोष्टी पापनिवेदनानंतरही जागच्या जागीच राहतात. काही हानी तर कधीच भरून येत नाही. लास कासास यांनाही ती भरून काढता आली नाही, तरी ती आपली नाही असे त्यांनी म्हटले नाही. पुढील वेळी पापनिवेदनासाठी गुडघे टेकताना, मी कोणाचे काय परत करायचे आहे, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा आणि उत्तर देण्याचे धैर्य प्रभूकडे मागावे.