बाळंतपणानंतर डॉक्टरांनी लिहायला बंदी घातली, तिने त्याच उपचारावर कथा लिहिली

गोष्ट आहे १८८५ सालची. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात २४ वर्षांच्या शार्लटला मुलगी झाली. नवरा प्रेमळ, बाळ ठणठणीत. तरी तिचं रडू थांबेना. बाळाला जवळ घेतलं की आनंदाऐवजी दुःखच दाटून यायचं.

ही शार्लट म्हणजे पुढे जगभर गाजलेली लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन.

ती काही महिने कॅलिफोर्नियाला गेली आणि बरी झाली. घरी परतली आणि पुन्हा खचली. शेवटी १८८७ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या डॉ. सायलस वेअर मिचेल यांच्याकडे गेली. मज्जासंस्थेच्या आजारांवरचं हे त्या काळातलं मोठं नाव.

त्यांचा उपचार होता रेस्ट क्युअर. म्हणजे कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहायचं, घरच्यांना भेटायचं नाही, भरपूर खायचं, मालिश करून घ्यायचं. महिन्याभराने तिला घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की घरसंसारात राहा, मुलीला सतत जवळ ठेव, डोक्याचं काम दिवसाला दोनच तास कर आणि पेन, ब्रश आयुष्यात हातात धरू नकोस.

तिने जवळपास तीन महिने हे सगळं पाळलं. परिणाम उलटा झाला. ती कपाटात, पलंगाखाली जाऊन लपायला लागली.

१८८८ मध्ये ती नवऱ्यापासून वेगळी झाली, मुलीला घेऊन कॅलिफोर्नियात राहिली आणि पुन्हा लिहू लागली. १८९२ मध्ये तिची 'द यलो वॉलपेपर' ही कथा छापून आली. उपचाराच्या नावाखाली खोलीत डांबलेली बाळंतीण हळूहळू भान हरपते, अशी ही कथा. तिने ती डॉ. मिचेल यांनाही पाठवली. त्यांचं उत्तर आलं नाही.

१८९८ मध्ये बायकांच्या आर्थिक स्वातंत्र्यावरचं तिचं पुस्तक गाजलं. नैराश्य मात्र अधूनमधून आयुष्यभर परतत राहिलं. पुढे स्तनाचा कर्करोग झाला आणि १९३५ मध्ये तिने स्वतःचं आयुष्य संपवलं.

नैराश्यावरच्या आधुनिक गोळ्या आल्या १९५० च्या दशकात. तिच्या काळात त्या नव्हत्याच.

आज काय बदललंय?

बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर समुपदेशन आणि औषधं दोन्ही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाळंतपण झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक त्रास होतो, त्यात नैराश्य सर्वाधिक. काही गोळ्या गरोदरपणात आणि स्तनपान सुरू असतानाही देता येतात, काही टाळल्या जातात. औषधाचा धोका बघायचा, तसा आजार अंगावर काढण्याचाही बघायचा. म्हणूनच गोळी मनाने सुरू करायची नाही आणि घरच्यांच्या सांगण्यावरून अचानक बंदही करायची नाही. निर्णय डॉक्टरांशी बोलून, आणि त्या बाईचं ऐकून.

शार्लटच्या वेळी नेमकं हेच राहून गेलं होतं.

तुम्हाला किंवा ओळखीत कुणाला असा त्रास होत असेल तर सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा.