दोन अक्षरांचा धनी

इ. स. १५११ मध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात छापल्या गेलेल्या एका चित्रग्रंथाच्या अखेरीस लॅटिनमध्ये एक छोटा मजकूर आहे. अशा जागी एरवी ईश्वराचे किंवा आश्रयदात्याचे आभार मानले जात. येथे मात्र ग्रंथकर्त्याने दुसऱ्याच्या श्रमांवर आणि बुद्धीवर डल्ला मारणाऱ्यांना चक्क दरडावले आहे. ही चित्रे पुन्हा छापण्यास किंवा त्यांच्या नकला साम्राज्याच्या हद्दीत विकण्यास सम्राट माक्सिमिलियानने मनाई केली आहे. ती मोडणाऱ्याचा माल तर जप्त होईलच, जीवही धोक्यात येईल, असा त्याचा आशय. मेरीच्या जीवनावरील वीस चित्रांचा तो ग्रंथ होता आणि त्याचा कर्ता कोणी पंडित नव्हता. तो होता चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर.

ड्यूररचा जन्म २१ मे १४७१ रोजी न्यूरेंबर्गमध्ये झाला. वडील हंगेरीतून येऊन स्थायिक झालेले सोनार. त्यांच्या मूळ गावाच्या नावात दरवाजा या अर्थाचा हंगेरियन शब्द होता. त्याचेच जर्मन रूप पुढे आडनाव झाले आणि घराण्याच्या चिन्हातही उघडे दार आले. आई बार्बरा हिला अठरा अपत्ये झाली. त्यांतील तिघेच मोठेपण पाहू शकले. मुलाने सोनारकामच पुढे न्यावे ही वडिलांची इच्छा. परंतु तेराव्या वर्षी आरशात पाहून या मुलाने स्वतःचे जे चित्र रेखाटले, ते आजही व्हिएन्नातील आल्बर्टिना संग्रहालयात पाहावयास मिळते. ते पाहिल्यावर वडील का नमले असावेत हे वेगळे सांगावे लागत नाही. १४८६ मध्ये त्यांनी त्याला मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराच्या कार्यशाळेत शिकाऊ म्हणून ठेवले.

ही कार्यशाळा आणि न्यूरेंबर्गचा छापखाना यांचे नाते जवळचे होते. ड्यूररचा धर्मपिता आंतोन कोबर्गर हा त्या काळातील युरोपातल्या सर्वांत मोठ्या मुद्रक-प्रकाशकांपैकी एक होता. भरभराटीच्या काळात त्याच्याकडे चोवीस छापयंत्रे चालत असल्याचे सांगितले जाते. याच कोबर्गरने १४९३ मध्ये वैद्य हार्टमान शेडेल याचा जगाचा इतिहास छापला. ‘न्यूरेंबर्ग क्रॉनिकल’ या नावाने तो आज ओळखला जातो. अठराशेहून अधिक चित्रे, लॅटिन आणि जर्मन अशा दोन आवृत्त्या, आणि चित्रांची जबाबदारी वोल्गेमुटच्या कार्यशाळेवर! मात्र या अठराशे चित्रांसाठी कोरलेले ठोकळे होते अवघे साडेसहाशेच्या आसपास. एकच नगरदृश्य कोठे दमास्कस म्हणून, तर कोठे मिलान किंवा मांतुआ म्हणून छापले गेले. राजे आणि तत्त्वज्ञही असेच एकमेकांचे चेहरे उसने घेऊन बसलेले आढळतात. तत्कालीन वाचकाला त्यात वावगे वाटत नसे. चित्र म्हणजे मजकुराची खूण, एवढेच त्याला अपेक्षित होते.

पुस्तकांसाठी लाकडी ठसेच का वापरले जात, हे समजून घेणे आवश्यक आहे. नासपतीसारख्या घट्ट लाकडाच्या गुळगुळीत फळीवर चित्र काढायचे आणि रेषांमधले लाकूड सुरीने व पटाशीने काढून टाकायचे, म्हणजे उंच राहिलेल्या रेषेला शाई लागते. ठोकळ्याची जाडी खिळ्यांच्या उंचीइतकी ठेवली, की चित्र आणि मजकूर एकाच दाबाखाली एकाच वेळी छापता येतात. तांब्याच्या पत्र्यावरील कोरीव चित्राला वेगळे यंत्र लागे आणि कागद दोनदा दाबावा लागे. शिवाय लाकडाचा ठसा शेकडो प्रती सहज देई. चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि विकणारा चौथा, अशी कामाची विभागणी ठरून गेलेली होती. नफा अर्थातच चौथ्याचा.

शिक्षण संपवून ड्यूरर १४९० मध्ये देशाटनाला निघाला. कोलमार येथील मार्टिन शोंगाउअर या नामांकित कोरीवकाराकडे शिकण्याची त्याची इच्छा होती. पण तो तेथे पोहोचला तेव्हा शोंगाउअरचे निधन होऊन काही काळ लोटला होता. तेथून तो बाझेल या ग्रंथनगरीत गेला. १४९२ मध्ये संत जेरोमच्या पत्रांच्या आवृत्तीसाठी त्याने काढलेल्या चित्राचा ठोकळा सुदैवाने टिकला असून, त्याच्या पाठीवर त्याने आपले नाव लिहिलेले आहे. पाठीवर, म्हणजे छापले जाणार नाही अशा बाजूला! सेबास्टियान ब्रांट याच्या १४९४ मधील ‘मूर्खांचे जहाज’ या लोकप्रिय ग्रंथातील बरीच चित्रे त्याचीच असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्यांवरही त्याचे नाव नाही.

१४९४ मध्ये तो परतला, आग्नेस फ्राय हिच्याशी विवाहबद्ध झाला आणि काही महिन्यांतच इटलीला गेला. परत आल्यावर त्याने स्वतःची कार्यशाळा उघडली आणि १४९८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ठरलेली विभागणी मोडून काढली. बायबलच्या शेवटच्या भागातील प्रलयवर्णनावर त्याने पंधरा भव्य चित्रे रचली आणि ती स्वतःच प्रकाशित केली. चित्रकाराने स्वतः कल्पिलेले आणि स्वतःच प्रसिद्ध केलेले हे पश्चिमेतील पहिले पुस्तक मानले जाते. कोबर्गरच्या बायबलमध्ये चित्रे लहान असून ती मजकुराच्या रकान्यांत बसवलेली होती. ड्यूररने संपूर्ण पान चित्राला दिले आणि मजकूर त्याच्या पाठीमागे नेऊन ठेवला. वाचक ग्रंथ उघडे तेव्हा आधी चित्र अंगावर येई, शब्द मागाहून.

त्यातील चार घोडेस्वारांचे चित्र सर्वाधिक गाजले. पूर्वीच्या चित्रांत हे स्वार संथपणे चाललेले दिसत. ड्यूररने त्यांना एका तिरक्या लाटेसारखे एकत्र लोटले आहे. खाली हाडे निघालेल्या घोड्यावर म्हातारा मृत्यू स्वार आहे आणि त्याच्या टापांखाली नागरिक, स्त्रिया आणि राजमुकुट घातलेला माणूसही तुडवला जात आहे. काळ्या रेषेची जाडी कमीजास्त करून छाया आणि उजेड निर्माण करण्याची ही किमया लाकडात त्याआधी कोणी साधली नव्हती. शतक संपत आले होते आणि जगबुडीची भीती अनेकांच्या मनात होती. पुस्तकाला मागणी आली. प्रत्येक चित्राच्या तळाशी मोठ्या ‘ए’ अक्षराच्या कमानीत बसवलेले छोटे ‘डी’ दिसते. बाझेलमध्ये ठोकळ्याच्या पाठीवर लपलेले नाव आता छापील बाजूला आले होते.

ही पुस्तके आणि सुटी चित्रे विकणार कोण? आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेत दुकान मांडी. न्यूरेंबर्गच्या बाजारात वृद्ध आईही विक्रीला मदत करी. ड्यूररला या धंद्याचे मोल चांगले कळत होते. एका श्रीमंत व्यापाऱ्याचे वेदिचित्र रंगवताना वैतागून त्याने कळवले होते, की हा वेळ कोरीव चित्रांना दिला असता तर आपण कितीतरी अधिक कमावले असते.

अर्थात, जे विकले जाते त्याची नक्कलही होते. व्हेनिसमधील मार्कआंतोनियो रायमोंदी या तरुण कोरीवकाराने मेरीच्या जीवनावरील चित्रे तांब्यावर उतरवली आणि ती दोन अक्षरेही जशीच्या तशी कोरली. चरित्रकार वसारीच्या म्हणण्यानुसार ड्यूररने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांकडे तक्रार केली आणि निर्णय असा लागला, की चित्र उतरवता येईल, परंतु अक्षरे नाही. वसारीच्या हकिकतीतील तपशिलांवर शंका घेतल्या गेल्या आहेत. मात्र १५१२ मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेने नेमका असाच निर्णय दिल्याची नोंद आहे. ड्यूररच्या चिन्हाची बनावट चित्रे विकणाऱ्या एका परक्या विक्रेत्याला ती चिन्हे काढून टाकण्यास, अन्यथा माल जप्तीस तयार राहण्यास बजावण्यात आले. रेषेवर हक्क नाही, नावावर आहे. आजच्या कॉपीराइटच्या कल्पनेशी याची तुलना करताना हा फरक विसरता कामा नये. १५११ मधील त्या दरडावणीत चित्रांवरही हक्क सांगितला होता, पण तो सम्राटाच्या मर्जीवर आणि त्याच्या हद्दीपुरताच.

याच सम्राटासाठी ड्यूररने एकशे नव्वदहून अधिक ठोकळ्यांवरून छापलेली, भिंतभर मावेल अशी कागदी विजयकमान रचली. १५१५ पासून त्याला वर्षाला शंभर गिल्डरचे निवृत्तिवेतन मिळू लागले.

त्याच वर्षीच्या एका चित्राचा गोव्याशी थेट संबंध आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजात चढवण्यात आला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. पोर्तुगीजांनी त्याचे नाव ‘गंडा’ असे नोंदवले. तो आपल्याच भाषांतला शब्द होय. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजा मॅन्युएलने त्याची हत्तीशी झुंज ठरवली, तेव्हा हत्तीच पळाला. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवलेला हा प्राणी १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. लिस्बनहून न्यूरेंबर्गला पोहोचलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याने ठोकळ्यासाठी चित्र काढले. त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखे दिसतात आणि मानेमागे एक जादा छोटे शिंग आहे. वरच्या मजकुरात सालही १५१३ असे चुकले आहे. आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर याने त्याच वर्षी काढलेला गेंडा अधिक अचूक आहे, पण त्याची आज एकच प्रत उरली आहे. ड्यूररच्या गेंड्याच्या मात्र आठ आवृत्त्या निघाल्या. ठोकळ्याला तडा जाऊन प्राण्याच्या पायांवर रेघ उमटू लागली तरी तो छापला जात राहिला. कॉनराड गेस्नरने आपल्या प्राणिकोशात त्याची नक्कल घेतली आणि विसाव्या शतकापर्यंत जर्मन शाळांच्या पुस्तकांत हाच गेंडा खरा म्हणून शिकवला गेला. या नकलांना रोखणे कोणत्याही सम्राटाला शक्य नव्हते.

१५१९ मध्ये माक्सिमिलियान वारला आणि निवृत्तिवेतन थांबले. ते नव्या सम्राटाकडून मंजूर करून घेण्यासाठी ड्यूरर १५२० मध्ये पत्नीसह नेदरलँड्सला गेला. ठोकळ्यांवरची चित्रे त्याने वाटेत विकली, भेट दिली, खानावळीच्या हिशेबात वळती केली. झीलंडच्या किनाऱ्यावर आलेला देवमासा पाहण्यासाठी तो कडाक्याच्या थंडीत गेला. मासा तोवर समुद्रात परतला होता. त्या प्रवासानंतर जडलेल्या तापाने त्याचा पिच्छा पुढे सोडला नाही. वेतन मात्र मंजूर झाले.

अखेरच्या वर्षांत त्याने चित्रांपेक्षा ग्रंथलेखनाला अधिक वेळ दिला. १५२५ मध्ये भूमितीवर, १५२७ मध्ये तटबंदीवर. दोन्ही जर्मनमध्ये, कारण वाचक म्हणून सोनार, सुतार, पाथरवट त्याच्या डोळ्यांसमोर होते. शास्त्रीय शब्द जेथे नव्हते, तेथे त्याने कारागिरांच्या बोलीतून घेतले. मानवी देहाच्या प्रमाणांवरील चार भागांचा ग्रंथ ही तर अनेक वर्षांची साधना. तो छापून पूर्ण होण्यापूर्वीच ६ एप्रिल १५२८ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर याने पुढे एका पत्रात आग्नेसला दोष दिला. पैशाच्या लोभाने तिने नवऱ्याला राबवून मारले, असा त्याचा सूर होता. हे चित्र शतकानुशतके तसेच उतरवले गेले. आधुनिक संशोधकांनी मात्र पिर्कहाइमरच्या पूर्वग्रहाकडे बोट दाखवले आहे आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. जत्रेत उभे राहून पतीची चित्रे विकणारी आणि त्यांची किंमत जाणणारी ती स्त्री होती.

त्या १५२८ च्या उन्हाळ्यातच याचा प्रत्यय आला. ड्यूररचा ठसेकोर हिएरोनिमुस आंद्रे आणि चित्रकार सेबाल्ड बेहाम हे प्रमाणांवरचे पुस्तक आधीच बाजारात आणण्याच्या तयारीत असल्याचे कळले. नगरपरिषदेने जुलैमध्ये दोघांना बजावले, की ड्यूररचा मूळ ग्रंथ छापून बाहेर पडेपर्यंत असे काहीही प्रसिद्ध करू नये. ३१ ऑक्टोबर १५२८ रोजी तो ग्रंथ निघाला. प्रकाशन आग्नेसच्या वतीने झाले होते आणि मुखपृष्ठावर तीच दोन अक्षरे होती.