बधिरांचे गुरू : लॉराँ क्लेर

फ्रान्स देशात लियाँ नगरापासून काही कोसांवर, रोन नदीच्या काठी, ला बाल्म नावाचे एक खेडे आहे. या गावी २६ डिसेंबर १७८५ रोजी लॉराँ क्लेर यांचा जन्म झाला. वडील गावचे प्रमुख होते. घरात कसलीही ददात नव्हती. लॉराँ एक वर्षाचा असताना खुर्चीवरून विस्तवात पडला. त्याच्या उजव्या गालावर भाजल्याचा व्रण कायमचा राहिला. पुढे मुलाला ऐकू येत नाही हे ध्यानात आले, तेव्हा घरच्यांनी या अपघातालाच दोष दिला. स्वतः क्लेर यांना मात्र त्याची खात्री वाटत नसे.

आईने वैद्य केले, कानांत औषधे घालून पाहिली. कशाचाच उपयोग झाला नाही. शाळेचा तर प्रश्नच नव्हता. आईचे टर्की पक्षी माळावर न्यावेत, गाई चाराव्यात, वडिलांच्या घोड्याला पाण्यावर घेऊन जावे, यातच त्याचा दिवस सरे. घरच्या माणसांशी दहा-वीस ठरलेल्या खुणांनी कामापुरते बोलणे होई. मनात उठणाऱ्या प्रश्नांना वाट करून देईल अशी भाषा त्याला अद्याप भेटलीच नव्हती.

ती भेटली बाराव्या वर्षी. काकाने त्याला पॅरिसच्या बधिरांच्या शाळेत पोहोचवले. ही शाळा लेपे नावाच्या धर्मगुरूंनी स्थापन केली होती. दोन बधिर बहिणींना शिकवता शिकवता लेपे यांच्या लक्षात आले, की पॅरिसमधील बधिर माणसे आपसांत खुणांनी उत्तम बोलतात. तेव्हा त्यांना शिकवायचे, तर आधी आपण त्यांच्या खुणा शिकल्या पाहिजेत. त्या काळी हा विचार नवा होता. लेपे १७८९ साली वारले. लॉराँ शाळेत आला तेव्हा सिकार हे शाळेचे प्रमुख होते, आणि लॉराँला प्रथम शिकवणारे मास्यू हे स्वतः बधिर होते. आपल्यासारखाच एक मनुष्य गुरुजी होऊन फळ्यापाशी उभा आहे, हे पाहून त्या खेड्यातल्या मुलाला काय वाटले असेल!

शाळेत लॉराँला नावाची खूण मिळाली. तर्जनी आणि मधले बोट उजव्या गालावरून खाली फिरवले, की ते त्याचे नाव. ज्या व्रणाकडे लोक टक लावून पाहत, त्याच व्रणावरून हे नाव पडले.

तेथेच एक कडू प्रसंगही घडला. बोलणे शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी त्याला दोन सारखे भासणारे उच्चार करण्यास सांगितले. ते त्याला साधेनात. शिक्षकांनी संतापून हनुवटीखाली फटका मारला आणि जीभ दातांत सापडून रक्ताळली. त्या दिवसापासून लॉराँने मुखाने बोलण्याचा नाद कायमचा सोडला. परंतु लिहिण्यावाचण्यात तो असा निपुण झाला, की विशीत पाऊल टाकताच त्याच शाळेत शिक्षक म्हणून नेमला गेला.

१८१५ साली सिकार हे मास्यू व क्लेर यांना घेऊन लंडनला गेले. तेथे लोक प्रश्न विचारीत आणि हे दोघे बधिर शिक्षक फळ्यावर समर्पक उत्तरे लिहीत. बधिर मनुष्याला विचार करता येत नाही, असे मानणारे पुष्कळ लोक त्या सभांतून निरुत्तर होऊन परतले. लंडनच्या बधिरांच्या शाळेत क्लेर गेले, तेव्हा मुले भोजनास बसली होती. क्लेर यांनी हात हलवून बोलण्यास आरंभ करताच मुलांना आनंदाचे भरते आले.

यावरून कोणी म्हणेल, की खुणांची भाषा जगभर एकच असावी. तसे नाही. खाणे, झोपणे, पाऊस पडणे हे अभिनयाने कोणालाही दाखवता येते. तुम्हीही परक्या देशात तेवढे कराल. परंतु त्याला भाषा म्हणता येणार नाही. साधे झाड घ्या. अमेरिकेतील बधिर मनुष्य एका हातावर दुसऱ्या हाताचे कोपर टेकवून बोटे पसरतो. डेन्मार्कमधील मनुष्य हवेत झाडाचा घेर आणि त्याखाली खोड रेखाटतो. चीनमधील मनुष्य दोन्ही हातांत जणू खोड धरून हात वर नेतो. झाड एकच, पण प्रत्येकाने त्यातले वेगळे काही पाहिले.

याच लंडनमध्ये थॉमस गॅलॉडेट नावाचे अमेरिकन गृहस्थ आले होते. हार्टफर्ड गावच्या डॉक्टर कॉग्जवेल यांची कन्या ॲलिस बधिर होती. अमेरिकेत अशा मुलांसाठी कायमची शाळा नव्हती. म्हणून शिक्षणाची रीत शिकून येण्यास गावाने गॅलॉडेट यांना युरोपात धाडले होते. ब्रिटनमध्ये ही विद्या ब्रेडवुड घराण्याने गुप्त राखली होती. त्यांच्या अटी गॅलॉडेट यांना मान्य होईनात. सिकार यांनी मात्र त्यांना पॅरिसला बोलावले. तेथे काही महिने खुणा शिकल्यावर गॅलॉडेट यांनी ओळखले, की एवढ्याने भागणार नाही. आपल्याबरोबर क्लेर यांनीच यावयास हवे.

क्लेर तयार झाले. सिकार नाखूश होते. आईचा निरोप घेण्यास ते गावी गेले, तेव्हा तिनेही परोपरीने विनवले. तरी तीन वर्षांचा करार करून १८ जून १८१६ रोजी ते जहाजावर चढले. प्रवास बावन्न दिवसांचा झाला. त्या अवधीत क्लेर यांनी गॅलॉडेटना खुणा शिकवल्या आणि गॅलॉडेटनी क्लेरना इंग्रजी. दोघेही एकमेकांचे गुरू आणि दोघेही शिष्य!

अमेरिकेत गावोगाव हिंडून त्यांनी निधी जमवला आणि १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डला शाळा उघडली. आरंभी सातच विद्यार्थी होते. त्यांपैकी एक चित्रकार एक्कावन्न वर्षांचा होता, आणि गुरुजी एकतीस वर्षांचे! कोणी आपल्या घरच्या खुणा घेऊन आले. पुढे मार्थाज व्हिनयार्ड बेटावरची मुले आली, त्यांनी तेथील खुणा आणल्या. त्या बेटावर बधिर माणसे इतकी होती, की ऐकू येणारे शेजारीही खुणांनी बोलत. क्लेर यांच्या फ्रेंच खुणांत हे सारे मिसळले आणि अमेरिकेची खुणांची भाषा घडली.

तिच्यातील फ्रेंच खुणा आजही ओळखू येतात. शंभर आणि शोधणे या दोन्ही खुणांत हात इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वळवतात. इंग्रजीत हे शब्द ‘सी’ने सुरू होत नाहीत, फ्रेंचमध्ये होतात. उलट, अमेरिका व इंग्लंड येथील लोक एकच इंग्रजी वाचतात, तरी त्यांच्या बधिर माणसांना परस्परांची भाषा समजत नाही. अमेरिकेत अक्षरे एका हाताने दाखवतात, ब्रिटनमध्ये दोन हातांनी. उजव्या तर्जनीने डाव्या हाताच्या अंगठ्याचे टोक टेका : हा ब्रिटिश ‘ए’. तर्जनीचे टोक म्हणजे ‘ई’, मधले ‘आय’, अनामिका ‘ओ’, करंगळी ‘यू’. भारतातही इंग्रजी अक्षरे बहुधा अशी दोन हातांनीच दाखवतात, मात्र आपली खुणांची भाषा या दोन्हींहून वेगळी आहे. तिचा ३,००० शब्दांचा कोश दिल्लीच्या शासकीय केंद्राने २०१८ साली प्रसिद्ध केला.

क्लेर यांनी १८१९ मध्ये एलायझा बोर्डमन या आपल्या पूर्वीच्या विद्यार्थिनीशी विवाह केला. दोघेही बधिर, तेव्हा मुलेही तशीच होतील, या भीतीने गॅलॉडेटसारखा मित्रही साशंक होता. त्यांच्या सहाही मुलांना ऐकू येत होते. पण तसे नसते, तरी त्या घरात मुलांशी बोलायला भाषा होतीच.

तीन वर्षांचा करार एक्केचाळीस वर्षे चालला. क्लेर यांचे विद्यार्थी दूरदूरच्या राज्यांत शिक्षक होऊन गेले. १८५८ साली ते निवृत्त झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टन येथे बधिरांचे महाविद्यालय निघाले, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या क्लेर यांनी तेथे खुणांनी भाषण केले. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्डला त्यांचे निधन झाले.

पुढे १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिने शाळांतून खुणा हद्दपार करून केवळ मुखाने बोलणे शिकवावे, असा ठराव केला. कितीतरी देशांत मुलांना वर्गात हात आवरून बसावे लागले. पण वर्गाबाहेर, वसतिगृहांत ती खुणांनी बोलतच राहिली. १९६० साली विल्यम स्टोको या प्राध्यापकांनी, या खुणांना शब्दांप्रमाणे घटक आणि नियम आहेत, ही खरीखुरी भाषा आहे, असे दाखवून दिले. ते वॉशिंग्टनच्या त्याच महाविद्यालयात शिकवीत होते.