विश्लेषण : ‘लाइट’ दिल्यावर कर्करोगाच्या पेशीचे काय होते? कमल रणदिवे यांनी भारतात रुजवलेल्या तंत्राची गोष्ट

कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार सुरू झाले की गावाकडे ‘लाइट चालू आहे’ किंवा ‘शेक चालू आहे’ असे म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण या ‘शेका’ने गाठ जळून जात नाही. मग ती जाते कशी? हे ज्या तंत्रामुळे कळले, ते भारतात रुजवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचा अहिल्यानगर जिल्ह्याशीही संबंध होता.

कोण होत्या कमल रणदिवे?

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. ती रमली पेशींच्या अभ्यासात. १९३९ मध्ये गणितज्ञ रणदिवे यांच्याशी लग्न झाले आणि त्या मुंबईत आल्या. टाटा मेमोरियलमध्ये काम करत डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या ज्या प्रयोगशाळेत ‘हेला’ या कर्करोग-पेशी वाढवल्या गेल्या, तिथे त्या शरीराबाहेर पेशी जगवण्याचे तंत्र शिकल्या. परत आल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

काचेतल्या पेशींनी काय दाखवले?

१९५६ मध्ये अमेरिकेत पक आणि मार्कस यांनी हेला पेशींवर क्ष-किरण सोडून किती पेशी वाचतात ते मोजले. किरणांमुळे पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी ही मोडतोड बरीचशी दुरुस्त करतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितके जमत नाही. पण त्या लगेच मरतातच असे नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत, यंत्र चालू दिसते पण ड्रॉइंग फाटलेले असते. दुसरी प्रत काढायला गेले की सगळे कोसळते. पेशी विभागताना मरते. म्हणून उपचार संपल्यावरही काही आठवडे गाठ लहान होत राहते. ‘फरक दिसत नाही’ म्हणून लाइट अर्धवट सोडली, तर वाचलेल्या पेशी पुन्हा वाढू शकतात.

आणि प्रतिकारशक्ती?

ती काचेच्या बशीत दिसत नाही, त्यासाठी जिवंत शरीर लागते. रणदिवे यांनीही उंदरांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करताना आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकत्र विचार केला होता. किरणांनी तुटलेल्या डीएनएचे तुकडे पेशीत भलत्या जागी सांडले की पेशीला विषाणू घुसल्यासारखे वाटते आणि ती धोक्याचा इशारा देते. मग टी-पेशी गाठीकडे धावतात. मात्र किरण याच पांढऱ्या पेशींनाही मारतात. त्यामुळे केवळ या परिणामावर विसंबता येत नाही. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या औषधांची जोड देऊन पाहणे सुरू आहे.

अकोल्याशी नाते

रणदिवे १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या संचालक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर, १९८९ मध्ये, त्यांनी अकोले तालुक्यातील सत्यनिकेतन संस्थेत आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करण्याचा प्रकल्प हाती घेतला. तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.